एकाच सौर रेडिओ बर्स्टची ताकद दर वारंवारतेला वेगळी का?

अनुनाद (धागाकर्ता)

सूर्यावर मोठी ज्वाला भडकली की रेडिओ बर्स्टच्या (रेडिओ लहरींच्या अचानक उसळीच्या) नोंदी उघडून बसायची मला सवय आहे. आरएसटीएन नावाच्या जाळ्यातली केंद्रं आठ ठरावीक वारंवारतांवर सूर्य मोजत असतात: २४५, ४१०, ६१०, १४१५, २६९५, ४९९५, ८८०० आणि १५४०० मेगाहर्ट्झ. या आठ आकड्यांचा एकमेकांशी मेळ काही लागत नाही. कित्येकदा २४५ ला हजारोंचा फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारी रेडिओ ताकद) दिसतो, १४१५ ला तो पार खाली येतो आणि ८८०० ला पुन्हा वर चढतो. काही बर्स्ट फक्त २४५ लाच दिसतात, बाकी सात ठिकाणी सामसूम. काहींचं याच्या बरोबर उलट.

एककाची ओळख नसलेल्यांसाठी : सौर फ्लक्स एकक म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २२ वा घात वॅट. पुढे नुसतं 'एकक' म्हणेन.

बातम्यांमध्ये मात्र 'तीव्र रेडिओ स्फोट' एवढंच छापून येतं. माझं मत असं की वारंवारता सांगितल्याशिवाय त्या 'तीव्र'ला काडीचा अर्थ नाही. प्रश्न दोन. हा चढउतार नेमका कशामुळे होतो? आणि बर्स्टची ताकद एका आकड्यात सांगायचीच झाली, तर ती सांगता येते का?

रानजाई

वाचतेय. एक शंका. १०.७ सेंटिमीटरचा, म्हणजे २८०० मेगाहर्ट्झचा आकडा रोज जाहीर होतो ना? सूर्याची रेडिओ ताकद म्हणजे तोच नाही का?

तरंगिणी

रानजाई, तो आकडा शांत सूर्याचा आहे. कॅनडात कव्हिंग्टन यांनी १९४७ पासून तो रोज मोजायला घेतला. सौरचक्राच्या तळाशी तो ६५-७० च्या आसपास असतो आणि चक्र ऐन भरात असताना २०० च्या वर जातो. दिवसागणिक हळूहळू बदलणारी ती पार्श्वभूमी आहे. बर्स्ट तिच्यावर काही सेकंद, काही मिनिटं, क्वचित काही तास स्वार होतो. बर्स्टच्या वेळी घेतलेलं माप त्या दिवसाचा आकडा म्हणून वापरलं तर तो फुगलेला निघतो.

आता अनुनाद यांच्या पहिल्या प्रश्नाकडे. सगळ्या बर्स्टना एकच कारण असतं असं धरून चाललं की कोडं सुटत नाही. मीटर लांबीच्या लहरींत आणि सेंटिमीटरच्या लहरींत साधारणपणे वेगवेगळ्या प्रक्रिया चालू असतात.

मीटर लहरींत प्लाझ्मा उत्सर्जनाचं राज्य आहे. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत करोनातून (सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातून) निघाला की तिथला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) हेलकावू लागतो. हे हेलकावे प्लाझ्माच्या स्वतःच्या वारंवारतेला होतात आणि ती फक्त घनतेवर ठरते: घन सेंटिमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ घ्या, त्याला ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे २४५ मेगाहर्ट्झसाठी घन सेंटिमीटरला सुमारे ७४ कोटी इलेक्ट्रॉन हवेत, तर १४१५ साठी सुमारे २५०० कोटी. सूर्यापासून वर जावं तशी घनता उतरते, म्हणून कमी वारंवारता म्हणजे जास्त उंची. प्लाझ्माच्या वारंवारतेच्या दुप्पटीलाही उत्सर्जन होतं. या प्रक्रियेत असंख्य इलेक्ट्रॉन एका तालात काम करतात, त्यामुळे थोड्या ऊर्जेतूनही प्रचंड फ्लक्स निघतो.

सेंटिमीटर लहरींत बहुतेक वेळा गायरोसिंक्रोट्रॉन उत्सर्जन असतं. चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापलं विकिरण करतो, ताल नसतो. फ्लक्स त्यामुळे बेताचा राहतो, पण वर्णपट रुंद आणि नितळ येतो.

अनुनाद यांना ८८०० ला दिसलेला चढ हा दुसऱ्या कुळाचा आणि २४५ चा डोंगर पहिल्या कुळाचा. मधली दरी आहे ती दोन कुळांमधली जागा.

निशाचर

तरंगिणी, एक हरकत आहे. घनतेवरून वारंवारता कुठली ते ठरलं, मान्य. पण प्रश्न ताकदीचा होता. झोत तोच, इलेक्ट्रॉन तेच, मग २०० मेगाहर्ट्झच्या थरातून जाताना वेगळा जोर आणि ५० च्या थरातून जाताना वेगळा जोर, हे का? तुमच्या स्पष्टीकरणात पत्ता आहे, पण तिथं कोण किती जोरात बोलतंय ते नाही.

तरंगिणी

हरकत रास्त आहे, माझं उत्तर अर्ध्यावर थांबलं होतं.

ज्वालेच्या जागी इलेक्ट्रॉन सुटतात तेव्हा जलद आणि मंद एकत्रच असतात. त्या मिश्रणातून प्लाझ्माला हेलकावे मिळत नाहीत. थोडं अंतर कापल्यावर जलद इलेक्ट्रॉन पुढे निघून जातात, त्यांचा वेगळा गट पडतो आणि मगच झोत अस्थिर होतो. म्हणून अशा झोतातून निघणारा, 'प्रकार तीन' म्हणून ओळखला जाणारा बर्स्ट सूर्याच्या अगदी जवळच्या, उच्च वारंवारतेच्या थरात बहुधा सुरूच होत नाही. पुढे गट स्पष्ट होत जातो तसा जोर वाढतो. आणखी पुढे झोत पसरतो, विरळ होतो, जोर ओसरतो.

याच्या जोडीला शोषण आहे. तळाच्या दाट थरात जन्मलेली लहर बाहेर पडेपर्यंत कणांच्या टकरींत खर्ची पडते. वारंवारता जितकी वरची, तितका हा मार जास्त. मूळ वारंवारतेच्या लहरीला तो सर्वाधिक बसतो, दुप्पटवालीला बराच कमी.

या सगळ्यांतून प्रकार तीनच्या बर्स्टची ताकद कमाल कुठं होते? अवकाशातल्या नोंदींनुसार सरासरी १ मेगाहर्ट्झच्या आसपास. तो थर सूर्यापासून कित्येक सौरत्रिज्या दूर आहे. ज्वाला खाली, सर्वांत मोठा आवाज तिथून इतक्या लांब. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

कुतूहल_काका

आणि तो आवाज जमिनीवर ऐकूच येत नाही! आपलं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालचं बाहेरून काही आत येऊ देत नाही. म्हणून १९९४ साली सोडलेलं 'विंड' आणि २००६ सालची 'स्टीरिओ' ही यानं महत्त्वाची. जमिनीवरचा माणूस ३० मेगाहर्ट्झला बर्स्ट बघतो आणि खाली ताकद वाढत चालली म्हणतो, तेव्हा तो डोंगराचा फक्त एक उतार बघत असतो. शिखर आयनांबराच्या पलीकडे.

मुग्धा_नभ

म्हणजे सूर्याला विचारलं, "किती जोरात ओरडलास रे?" तर तो म्हणणार, "तू कुठल्या स्टेशनवर होतीस?" 😄

पितळी_अँटेना

मुग्धा, +१.

मी घरच्या अँटेनावर आणि एसडीआरवर (संगणकाला जोडायच्या रेडिओ रिसीव्हरवर) सूर्य ऐकतो, त्यामुळे मोजणीबद्दल दोन शब्द. पडद्यावरच्या वॉटरफॉलमध्ये (वेळेनुसार प्रत्येक वारंवारतेची ताकद रंगात दाखवणाऱ्या चित्रात) एखादा पट्टा जास्त उजळ दिसला म्हणजे तिथं बर्स्ट जास्त ताकदवान होता, असं कृपया कुणी समजू नये. त्या उजेडात चार गोष्टी मिसळलेल्या असतात: अँटेना त्या वारंवारतेला किती ग्रहण करते, ॲम्प्लिफायर किती वाढवतो, केबल किती खाते आणि सूर्याने खरोखर किती पाठवलं. ऑटोमॅटिक गेन चालू ठेवला तर विचारूच नका. बर्स्ट येतो, रिसीव्हर आपणहून आवाज खाली ओढतो आणि नेमका शिखराचा आकडा चेपला जातो. स्वस्त डोंगल आठ बिटचा असतो, त्यात जेमतेम ४८ डेसिबलचा आवाका. मोठा बर्स्ट तो सहज भरून टाकतो आणि माथा सपाट कापल्यासारखा दिसतो.

ई-कॅलिस्टो या जगभरच्या सौर रेडिओ केंद्रांच्या जाळ्याचे वर्णपट सगळे बघतात. त्यांत सहसा प्रत्येक वाहिनीची पार्श्वभूमी वजा केलेली असते. चित्र सुंदर येतं, प्रकार ओळखायला उत्तम, पण दोन वारंवारतांच्या ताकदीची तुलना त्या रंगांवरून करणं धोक्याचं. ८८ ते १०८ मधला एफएमचा पट्टा तर बहुतेक ठिकाणी वायाच गेलेला असतो.

अनुनाद

पितळी, मग शौकिया माणसाने खरा फ्लक्स मोजायचाच नाही का?

पितळी_अँटेना

मोजावा की. गेन हाताने पक्का करा. अँटेनाच्या जागी माहीत असलेला नॉइज सोर्स लावून प्रत्येक वारंवारतेला रिसीव्हर तपासा. २० ते ८० मेगाहर्ट्झमध्ये आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट पुरेसा मोठा आणि चांगला मोजलेला आहे, रुंद नजरेच्या अँटेनासाठी तोच मापदंड धरता येतो. गिगाहर्ट्झच्या वर छोटी डिश असेल तर शांत सूर्य आणि मोकळं आकाश यांतला फरक घ्या आणि त्या दिवसाच्या जाहीर आकड्याशी ताडून बघा. मेहनत आहे, पण त्यानंतर निघणारा आलेख खराखुरा असतो.

निशाचर

यावरून आठवलं. शांत सूर्याची पार्श्वभूमीही वारंवारतेप्रमाणे बदलते, हे वर कुणी म्हटलं नाही. २४५ मेगाहर्ट्झला ती दहा-वीस एककं, १५४०० ला पाचशेच्या वर. शंभर एककांचा बर्स्ट २४५ ला सूर्याला कित्येक पटींनी उजळवतो, तोच १५४०० ला पार्श्वभूमीवरचा किरकोळ उंचवटा. नुसता फ्लक्स सांगायचा की पार्श्वभूमीच्या पटीत, यावरही 'मोठा बर्स्ट' कोणता ते बदलतं. १० सेंटिमीटरला पार्श्वभूमीच्या शंभर टक्क्यांवर गेलेल्या बर्स्टला अवकाश हवामानवाले टेनफ्लेअर म्हणतात, ती पटीतली व्याख्या आहे.

जुनी_वही

थोडं अवांतर, पण विषयाच्या मुळाशी जाणारं.

१९४२ सालचा फेब्रुवारी. ब्रिटिश सैन्याच्या रडारांत २६ ते २८ तारखेला जबर गोंगाट सुरू झाला. शत्रूने रडार जॅम केलं, हा पहिला संशय. जे. एस. हे (Hey) यांनी दिशा तपासल्या, तर गोंगाट सूर्याकडून येत होता आणि त्या वेळी सूर्यावर एक मोठा डाग होता. ही रडारं ४ ते ६ मीटर लहरींवर चालत. तिथं आलेली ताकद सहा हजार अंश तापमानाच्या सूर्याकडून अपेक्षित असलेल्या ताकदीच्या लाखपटीच्या घरात होती.

त्याच वर्षी अमेरिकेत साउथवर्थ यांनीही सूर्याचे रेडिओ तरंग पकडले, पण सेंटिमीटर लहरींवर. त्यांना मिळाला तापलेल्या गोळ्याचा शांत प्रकाश, जवळपास अपेक्षेइतकाच. एकाच वर्षी दोघांनी एकच सूर्य दोन टोकांच्या वारंवारतांवर पाहिला आणि दोघांना दोन वेगळे सूर्य दिसले. दोन्ही निरीक्षणं युद्धामुळे लगेच प्रसिद्ध झाली नाहीत.

पुढे ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी ७० ते १३० मेगाहर्ट्झ सलग झाडणारा रिसीव्हर उभारला आणि १९५० साली बर्स्टचे प्रकार एक, दोन, तीन ठरवले. एका वारंवारतेवर चिकटून बसलेल्यांना जे कळलं नसतं ते सलग पट्ट्यात दिसलं: प्रकार तीन १०० मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाला शंभर मेगाहर्ट्झच्या वेगाने खाली घसरतो, प्रकार दोन सेकंदाला मेगाहर्ट्झभर किंवा त्याहून हळू. पहिला प्रकाशाच्या वेगाच्या दशांश ते तृतीयांश वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, दुसरा धक्का-लहरीचा.

अनुनाद

वा! साउथवर्थ यांची गोष्ट माहीत नव्हती. धाग्याचा प्रश्न १९४२ सालीच उभा राहिला होता तर.

गिरकी

सगळं मीटर लहरींवर चाललंय, म्हणून मायक्रोवेव्हची बाजू मांडते. माझ्या मते खरी माहिती इकडेच आहे.

गायरोसिंक्रोट्रॉनचा वर्णपट टेकडीसारखा असतो, शिखर साधारण ५ ते १० गिगाहर्ट्झला. शिखराच्या डाव्या बाजूला स्रोत स्वतःच्याच विकिरणाला अपारदर्शी असतो, आतलं बाहेर येत नाही, म्हणून वारंवारता कमी होईल तसा फ्लक्स झपाट्याने पडतो. उजव्या बाजूला स्रोत पारदर्शक, प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशोब थेट आपल्यापर्यंत पोचतो. तिथला उतार इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची वाटणी सांगतो. डल्क यांचं ढोबळ सूत्र आहे: इलेक्ट्रॉनांचा घातांक (ऊर्जा वाढेल तशी त्यांची संख्या किती झपाट्याने घटते ते सांगणारा) डेल्टा असेल तर फ्लक्स वारंवारतेच्या (०.९० गुणिले डेल्टा वजा १.२२) या घाताने उतरतो. डेल्टा ४ धरला तर उतार सुमारे २.४. म्हणजे ८८०० आणि १५४०० या दोन आकड्यांवरून सूर्यावरचे इलेक्ट्रॉन किती 'कडक' होते त्याचा अंदाज घरबसल्या येतो! अट एकच, शिखर ८८०० च्या डावीकडे असलं पाहिजे.

शिखराची जागा चुंबकीय क्षेत्राबद्दल बोलते. दर गाउसला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) २.८ मेगाहर्ट्झ ही गिरकीची वारंवारता, म्हणजे ५०० गाउसला १४०० मेगाहर्ट्झ. उत्सर्जन होतं त्याच्या दहाव्या ते शंभराव्या पटींच्या दरम्यान. क्षेत्र वाढलं की शिखर उजवीकडे सरकतं. प्रत्यक्षात डावा उतार सिद्धांतापेक्षा बहुधा सौम्य निघतो, कारण स्रोत एकसारखा नसतो, वेगवेगळ्या क्षेत्रांचे भाग एकमेकांत मिसळतात. प्लाझ्मा दाट असेल तर रॅझिन परिणामही डावी बाजू दाबतो.

अनुनाद यांना दिसलेल्या 'दोन्हीकडे उंच, मध्ये दरी' या आकाराला यू-वर्णपट म्हणतात. १९६० च्या दशकात कॅस्टेली आणि सहकाऱ्यांनी त्याचा प्रोटॉन फेकणाऱ्या ज्वालांशी संबंध दाखवला होता.

कुतूहल_काका

म्हणजे ज्वालेचा क्ष-किरणांवरून ठरणारा वर्ग मोठा, एक्स-दहा वगैरे (एम हा त्याच्या खालचा वर्ग), की रेडिओ बर्स्टही तेवढाच दणदणीत, असं धरावं का?

गिरकी

मायक्रोवेव्हमध्ये बऱ्याच अंशी हो. जोरदार ज्वालेत वेगवान इलेक्ट्रॉन जास्त असतात.

निशाचर

गिगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला मात्र हा नियम साफ कोलमडतो. ६ डिसेंबर २००६ घ्या. सौरचक्र उताराला लागलेलं, ज्वाला एक्स ६.५ ची. १.४ गिगाहर्ट्झच्या परिसरात फ्लक्स दहा लाख एककांच्या वर गेला. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एक्स १७ आणि एक्स २८ च्या ज्वालांनी त्या पट्ट्यात एवढा आकडा गाठला नव्हता. जीपीएसच्या वारंवारता १२२७.६ आणि १५७५.४२ मेगाहर्ट्झ, नेमक्या त्याच शेजारात. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे जीपीएस रिसीव्हर गडबडले. बर्स्टचं ध्रुवण (लहरीच्या कंपनाची दिशा) उजवं वर्तुळाकार, जीपीएसचंही तेच, त्यामुळे अँटेनाने त्याला पूर्ण दार उघडून दिलं.

तरंगिणी

आणि तिथं गायरोसिंक्रोट्रॉन पुरा पडत नाही. त्या बर्स्टसाठी इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेसर, म्हणजे पुन्हा तालातली प्रक्रिया, पुढे केली जाते. अशा वेळी माझी मघाची 'मधली दरी' अचानक सर्वांत उंच कडा होते. या पट्ट्यात कधी कधी दहा-वीस मिलिसेकंदांच्या टाचण्या, म्हणजे टोकदार छोटे बर्स्ट, दिसतात, एकेकीची रुंदी वारंवारतेच्या एखाद्या टक्क्याइतकी. १४१५ च्या ठरावीक रिसीव्हरने जे मोजलं तेच १५७५ ला असेल याची शाश्वती नाही. सेकंदाची सरासरी घेतली की टाचणीची खरी उंचीही हरवते.

जुनी_वही

आणखी दोन प्रसंग. २३ मे १९६७ ला अलास्का, ग्रीनलंड आणि ब्रिटनमधली क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी अमेरिकी रडारं सौर रेडिओ स्फोटाने आंधळी झाली. ६०६ मेगाहर्ट्झला फ्लक्स साडेतीन लाख एककांच्या वर होता. शीतयुद्धाच्या दिवसांत याचा अर्थ हल्ल्याची तयारी असा लावला जाऊ शकला असता. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या लष्करी अंदाजकर्त्यांनी खरं कारण वेळेत सांगितलं. ४ नोव्हेंबर २०१५ ला स्वीडनच्या हवाई वाहतुकीच्या रडारांत गोंधळ झाला, आणि ज्वाला होती फक्त एम ३.७ ची. दुय्यम रडार १०३० आणि १०९० मेगाहर्ट्झवर चालतं. क्ष-किरणांचा वर्ग बघून त्या दिवशी कुणी इशारा दिला नसता.

मुग्धा_नभ

वाचून अंगावर काटा आला. आणि १५४०० च्या वर काय? तिथं उतार तसाच खाली जात राहतो का?

गिरकी

बहुतेकदा जातो. पण ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेत अर्जेंटिनातल्या सौर दुर्बिणीने २१२ आणि ४०५ गिगाहर्ट्झला बघितलं, तर फ्लक्स पुन्हा चढत होता. मायक्रोवेव्हच्या टेकडीपलीकडे दुसरी टेकडी. काउफमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ते प्रसिद्ध केलं. ही चढण कशामुळे, यावर एकमत नाही.

अनुनाद

मग माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. एक आकडा द्यायचाच असेल तर त्याच्यासोबत वारंवारता, किती रुंद पट्ट्यात मोजलं, किती वेळाची सरासरी आणि शक्य असल्यास ध्रुवण, एवढं हवंच. 'तीव्र' हा शब्द कुणासाठी, तेही सांगावं. जीपीएससाठी दीड गिगाहर्ट्झ, वैमानिकाच्या व्हीएचएफ रेडिओसाठी सव्वाशे मेगाहर्ट्झ. कुणाचा विरोध?

पितळी_अँटेना

विरोध नाही, भर आहे. मोजलेला फ्लक्स रिसीव्हरच्या मर्यादेला टेकला होता का, तेही लिहावं. मोठ्या बर्स्टच्या वेळी ते फार गरजेचं.

रानजाई

माझी अजून एक शंका. काही दिवस २४५ चा आकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुगलेला असतो, ज्वाला एकही नाही. तोही बर्स्टच का?

तरंगिणी

ते बहुधा प्रकार एकचं नॉइज स्टॉर्म, रानजाई. साधारण ५० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात राहतं, तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस चालतं. खाली रुंद सलग गोंगाट आणि त्याच्यावर सेकंदाहून छोटे असंख्य अरुंद बर्स्ट. वर्तुळाकार ध्रुवण तीव्र असतं, त्यावरून ओळखता येतं. २६९५ चा आकडा त्याच वेळी बघा, तिथं सहसा त्याचा मागमूसही नसतो. ज्वाला लागत नाही, मोठा सक्रिय प्रदेश समोर असला की पुरतो. पुढच्या वेळी २४५ आणि ४१० शेजारी शेजारी मांडून बघा. ४१० ला थोडंच आणि ६१० ला काहीच नसेल, तर नॉइज स्टॉर्म म्हणून टिपून ठेवायला हरकत नाही.